दुखण्यातून उठलेल्याचे वाद्य

(वचन : यशया, अध्याय 38, वचन 20)



यहूदाचा राजा हिज्कीया ह्याने मरणाच्या दारातून परत आल्यावर लिहिलेला एक लेख यशयाच्या अडतिसाव्या अध्यायात आहे. त्याच्या शेवटी राजा असा निश्चय करतो की, ज्या देवाने मला वाचविले त्याच्या घरी, उरलेल्या सर्व दिवसांत, तारांच्या वाद्यांच्या साथीने माझे गीत चालू राहावे. हे वचन आम्ही पुष्कळ रोग्यांच्या बिछान्याजवळ वाचून दाखविले आहे. परंतु त्यात काय भरले आहे हे आम्हांस आमच्या मंडळीतील एका वृद्ध बंधूंमुळे कळले. ती हकीकत आधी सांगतो, आणि मग वचनाकडे वळतो.

वेल्ह्याच्या बाजूस, तोरण्याच्या डोंगराखाली, आमच्या फिरतीत एक लहानशी मंडळी आहे. घरे दहा-बारा, आणि उपासनेची जागा म्हणजे एक कौलारू खोली. हे बंधू त्या खोलीत तीस वर्षांहून अधिक काळ पेटी वाजवीत आले. त्यांस कोणी गुरू नव्हता. कानाने ऐकावे आणि बोटांनी शोधावे, अशा रीतीने ते शिकले. नारायण वामन टिळकांची भजने असोत की जात्यावरच्या चालीवर बसविलेली गीते असोत, म्हाताऱ्या बायांचा सूर कोठे लांबतो आणि त्यांचा दम कोठे संपतो हे त्यांस ठाऊक असे, आणि पेटी तेथे त्यांच्यासाठी थांबत असे. आषाढ-श्रावणात त्या खोऱ्यात पाऊस असा लागतो की भिंती पाझरतात, लाकूड फुगते व पट्ट्या अडकून बसतात. म्हणून पावसाळाभर ती पेटी घोंगडीत गुंडाळून चुलीवरच्या माळ्यावर ठेवीत, म्हणजे धगीने ती कोरडी राही. घरात धान्य कोठे आहे हे एक वेळ ते विसरत, परंतु पेटी कोठे आहे हे विसरत नसत.

एका वर्षी भातलावणीच्या दिवसांत, चिखलात उभे असताना, त्यांच्या उजव्या हातातील रोपांची मूठ गळून पडली. ती पुन्हा उचलता येईना. तोंड वाकडे झाले व शब्द फुटेना. पावसात भिजून गारठ्याने अंग आखडले असेल असे लोकांस वाटले. त्यांस घरी आणून शेकले, पांघरूण घातले आणि वाट पाहिली. अशा रीतीने दुपार गेली. संध्याकाळी मार्गासनीच्या रस्त्याने त्यांस पुण्यास नेले. तो अर्धांगवायू होता. देवाच्या दयेने प्राण वाचला. भात कापणीस आले तेव्हा ते घरी परतले. काठी घेऊन चालू लागले, बोलणेही हळूहळू उलगडले. उजवा हात मात्र आला नाही. त्याची बोटे मिटलेलीच राहिली, आणि पेटीही माळ्यावर घोंगडीतच राहिली.

आता आम्ही काय केले ते कबूल करणे भाग आहे. आरंभी मंडळीने त्यांच्यासाठी मनापासून प्रार्थना केली. पुढे एका तरुणाने मोबाइलवरील गाणी लहानशा स्पीकरवर लावण्यास सुरुवात केली, आणि आम्हीही त्यास मान डोलविली. आजोबांस विसावा द्यावा, त्यांस पेटीची आठवण करून दुःख देऊ नये, असे आम्ही एकमेकांस म्हणत राहिलो. त्या यंत्राचा ताल बिनचूक होता, परंतु ते कोणासाठी थांबत नसे. म्हाताऱ्या बाया एक ओळ संपवीत तोवर ते पुढच्या कडव्यात गेलेले असे. हळूहळू त्यांनी गाणे सोडले. हे बंधू मागच्या भिंतीस टेकून बसत आणि उजवा हात उपरण्याखाली झाकून ठेवीत. सहा महिने आम्ही त्यांस पेटीविषयी एक शब्दही विचारला नाही, आणि ह्यास आम्ही दया म्हणत होतो.

शेवटी एके दिवशी आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून विचारले, "आजोबा, पेटी खाली काढायची का?" त्यांनी पुष्कळ वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाले, "पाळकसाहेब, तुमीच मलाखी वाचून दाखविला व्हता. लंगडं कोकरू देवाम्होरं आणू नये म्हनून सांगितलं व्हतं. ह्यो हात म्हंजे लंगडं कोकरू. हात पयल्यासारका झाला तर वाजवीन, न्हाईतर न्हाई."

बंधूंनो, सेमिनरीत आम्ही मलाखीवर परीक्षा दिली होती, परंतु त्या ओट्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. प्रार्थना करून आम्ही उठलो आणि चेलाडीपर्यंतच्या साऱ्या वाटेवर तेच मनात घोळत राहिले. देवाचा वचनग्रंथच जर एखाद्या मनुष्यास देवाच्या घरी गाण्यापासून अडवीत असेल, तर तो आम्ही नीट वाचलेला नाही, एवढे आम्हांस कळत होते. म्हणून आम्ही हिज्कीयाकडे परत गेलो.

पहिली गोष्ट : राजाचे दुखणे खरे होते आणि औषधही खरे होते.

तंतुवाद्ये हिज्कीयास नवी नव्हती. त्याच्या बापाने मंदिराची दारे बंद केली होती. हिज्कीयाने राज्यावर येताच पहिल्याच वर्षी पहिल्या महिन्यात ती उघडली, आणि झांजा, सतारी व वीणा देऊन लेव्यांस पुन्हा त्यांच्या जागी उभे केले. हे दुसऱ्या इतिहासाच्या एकोणतिसाव्या अध्यायात आहे. ज्या राजाने मुकी झालेली वाद्ये बोलती केली, तोच पुढे आजारी पडला, आणि भिंतीकडे तोंड फिरवून रडला. आपला आवाज पाखराच्या चिवचिवाटासारखा व पारव्याच्या घुमण्यासारखा झाला, असे तो स्वतः लिहितो. आपले आयुष्य मेंढपाळाच्या पालासारखे उपटले गेले, मागावरून कापड कापून काढावे तसे कापले गेले, असेही तो म्हणतो. ज्यांनी डोंगरउतारावर धनगरांची पाले एका सकाळी उठून गेलेली पाहिली आहेत, त्यांस हे समजावून सांगावे लागत नाही. विश्वासणारा मनुष्य दुखण्यात रडत नाही असे शास्त्र कोठेच म्हणत नाही.

आणि हेही पाहा : प्रार्थना ऐकली गेली, पंधरा वर्षे वाढवून दिली गेली, तथापि त्याच संदेष्ट्याने अंजिरांचा लेप गळवावर बांधावयास सांगितला. प्रार्थना व औषध ह्यांत यशयाने भांडण लावले नाही, तर आम्ही का लावावे? म्हणून प्रत्येक उपदेशकाने आपल्या मंडळीत हे सांगून ठेवावे : तोंड एका बाजूस वाकडे झाले, एक हात उचलेनासा झाला किंवा बोलणे अडखळू लागले, ह्यांतील एकही खूण अकस्मात दिसली तर शेकण्यात वेळ दवडू नये. तत्काळ 108 ह्या क्रमांकावर गाडी बोलवावी, आणि पहिली खूण किती वाजता दिसली ते ध्यानात ठेवून डॉक्टरांस सांगावे. रक्ताची गाठ विरघळविणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तेही तपासणी करून, जेथे सोय आहे त्याच रुग्णालयात. आमच्या खोऱ्यांतून पुण्यास पोहोचण्यास किती वेळ लागतो हे तुम्ही जाणता. त्या दिवशीची ती गेलेली दुपार आम्हांस अजून बोचते. ज्यांचा रक्तदाब वाढलेला असतो त्यांनी गोळी चुकवू नये, मीठ बेताने खावे आणि तंबाखू व मशेरी सोडावी. हाही अंजिरांचा लेपच होय.

दुसरी गोष्ट : गीत हे कोकरू नव्हे.

आता लंगड्या कोकराचे पाहू. मलाखीच्या पहिल्या अध्यायात देव याजकांस दोष देतो हे खरे आहे. परंतु चौदावे वचन पाहा. शाप कोणावर आहे? ज्याच्या कळपात धडधाकट नर आहे, ज्याने तो देण्याचा नवस केला आहे, आणि जो तो घरी लपवून देवापुढे खोडाचे जनावर आणतो, त्या ठकावर. ज्याच्या कळपात दुसरे काही उरलेलेच नाही त्याच्याविषयी तेथे एक अक्षरही नाही. ज्याचा उजवा हात मिटला आहे त्याने चांगला हात कोठे लपविला आहे? करिंथकरांस पाठविलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल दानधर्माविषयी बोलताना स्पष्ट सांगतो की, मनाची तयारी असेल तर मनुष्याजवळ जे आहे त्यावरून ते दान मान्य होते, जे नाही त्यावरून नव्हे. विधवेने दोन टोल्या टाकल्या तेव्हा आमच्या प्रभूने तिला, आणखी मिळवून मग ये, असे म्हटले नाही.

परंतु ह्याहून मोठी गोष्ट हिज्कीयाच्याच मंदिरात दिसते. दुसऱ्या इतिहासाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील सत्ताविसावे वचन काढून पाहा. होमबली अर्पण होऊ लागला, तेव्हाच गीतही सुरू झाले. आधी बली, मग गीत. गीताने बलीची जागा घेतली नाही. बली चढत होता म्हणून लोकांस गाता आले. बंधुभगिनींनो, आमच्यासाठी निष्कलंक कोकरू एकदाच आणि सर्वकाळासाठी अर्पिले गेले आहे, आणि ते लंगडे नव्हते. आमचे भजन, आमची पेटी, आमचा उपदेशसुद्धा त्या कोकराच्या जागी ठेवावयाचा नाही. जो आपला सुरेल हात देवाच्या वेदीवर ठेवून त्याच्या बळावर उभा राहू पाहतो, त्याचा हात गेला म्हणजे त्याचे सारेच गेले. परंतु जो खऱ्या कोकराच्या बळावर उभा आहे, त्याचा हात मिटला तरी त्याची जागा मिटत नाही. तेहतिसाव्या स्तोत्रात कुशलतेने वाजविण्याची आज्ञा आहे, ती आम्ही नाकारीत नाही. ज्याचे हात धड आहेत त्याने आळस करू नये. परंतु ती आज्ञा उपकारस्तुती करणाऱ्यांस दिली आहे, गाण्यास कोण पात्र आहे हे ठरविणाऱ्या पंचांस नव्हे.

तिसरी गोष्ट : राजा "माझे" म्हणतो आणि "आम्ही" म्हणतो.

आता मूळ वचन पुन्हा हळू वाचा. देवाने तारिले ते "मला", गीत आहे ते "माझे", परंतु वाजविणारे कोण? तेथे राजा एकाएकी "आम्ही" म्हणतो, आणि आयुष्यही "आमचे" म्हणतो. दुखणे एकट्याचे असते. रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी जे अंग दुखते ते दुसऱ्याचे दुखत नाही. परंतु दुखण्यातून उठल्यावर जे गीत निघते ते एकट्याने वाजवावयाचे नाही. पाखरासारखा बारीक झालेला तो आवाज लेव्यांच्या वाद्यांत मिसळून जावयाचा आहे. आमच्या त्या बंधूंची चूक येथे होती, आणि आमची त्याहून मोठी चूकही येथेच होती. हात पहिल्यासारखा झाल्यावर एकट्याने परत येईन, असे ते म्हणत होते. ते एकट्याने परत येईपर्यंत आपण वाट पाहू, असे आम्ही म्हणत होतो. "आम्ही" हा शब्द कोणीच उच्चारीत नव्हते.

पाश्चात्त्य ख्रिस्ती लोकांत हेंडेल नावाचा एक मोठा संगीतकार होऊन गेला. तो 1685 साली जर्मनीतील हाले गावी जन्मला, आणि पुढे लंडनमध्ये राहिला. 1737 साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यास अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याचा उजवा हात निकामी झाला. ऑर्गन वाजविणाऱ्याचा उजवा हात जाणे म्हणजे काय, हे आमच्या पेटीवाल्या बंधूंस विचारा. त्या वर्षी तो आखेन येथील उन्हाळ्यांवर स्नानोपचारासाठी गेला आणि तेथे सुधारला. त्याचा पहिला चरित्रकार सांगतो की, स्नानानंतर थोड्याच तासांत तो जवळच्या मंदिरात जाऊन ऑर्गनवर बसला, तेव्हा मठातील स्त्रियांस तो चमत्कारच वाटला. चार वर्षांनी, 1741 साली, ऑगस्ट-सप्टेंबरमधील चोवीस दिवसांत, त्याने "मसीहा" हा आपला सुप्रसिद्ध गीतसमूह लिहून काढला. तो 13 एप्रिल 1742 रोजी डब्लिन शहरी प्रथम गाइला गेला, आणि त्याचे उत्पन्न कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांच्या सुटकेसाठी व रोग्यांच्या दोन संस्थांसाठी देण्यात आले. रोगातून परत मिळालेला हात रोग्यांच्या व बंदिवानांच्या कामी आला, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याची दृष्टीही गेली. तरी 1759 साली मरण येण्याच्या आठच दिवस आधी तो "मसीहा"च्या गायनास उपस्थित होता.

ह्या मोठ्या मनुष्याची गोष्ट एका लहान गोष्टीसाठी सांगितली. त्या काळी ऑर्गनमध्ये वारा भरण्यास वीज नव्हती. पुढे बसून वाजविणाऱ्याचे नाव लोक घेत, परंतु आडोशास कोणीतरी भाता हलवीत असे. तो थांबला तर हेंडेलची बोटेही मुकी. आमची पेटीही त्याच जातीची. ती युरोपातून आली तेव्हा पायांनी भाता चालवावयाची होती आणि वाजविणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे असत. आमच्या देशात आम्ही भुईवर बसून गातो, म्हणून भाता मागे आला आणि एक हात त्यात गुंतला. ज्याचा एकच हात चालतो त्यास ही पेटी एकट्याने वाजविता येत नाही. परंतु दोघांस येते.

हे सर्व मनात घेऊन आम्ही पुन्हा त्या ओट्यावर गेलो. मलाखीचे चौदावे वचन व इतिहासाचे सत्ताविसावे वचन काढून दाखविले. आजोबांनी नातीकडून दोन्ही दोनदा वाचून घेतली. मग म्हणाले, "ते समदं खरं, साहेब. पर भाता कोन हलविल?" नात दहा वर्षांची आहे. ती म्हणाली, "मी हलविते की, आबा." आणि ती माळ्यावर चढली. उंदरांनी भात्याचा एक कोपरा कुरतडला होता. त्यास खळ लावून कापडाचा तुकडा चिकटविला. पट्ट्या अडकल्या होत्या, त्या दोन दिवस उन्हात ठेवून मोकळ्या केल्या.

पुढच्या रविवारी स्पीकर बंद ठेवला. आजोबांनी डाव्या हाताने सूर धरला. जन्मभर भाता हलविणारा तो हात पट्ट्यांवर वाट चुकत होता. पोर भाता जोराने दाबी तेव्हा पेटी किंचाळे. मुले हसली, मग गप्प झाली. कडव्याच्या मध्येच आजोबा थांबले आणि पट्टी शोधू लागले. तेव्हा सहा महिने न गाइलेल्या त्या म्हाताऱ्या बायांनी शेवटचा सूर तसाच धरून ठेवला, पट्टी सापडेपर्यंत. तीस वर्षे पेटी त्यांच्यासाठी थांबत होती. त्या दिवशी त्या पेटीसाठी थांबल्या. गीतास दुप्पट वेळ लागला, म्हणून आम्हांस उपदेश आखूड करावा लागला, आणि त्याविषयी कोणीही तक्रार केली नाही.

चमत्कार झाला असे आम्ही लिहीत नाही. उजवा हात अजून मिटलेलाच आहे. सराव पुनःपुन्हा केल्याने मेंदू काही प्रमाणात नव्या वाटा शोधतो असे वैद्यकशास्त्र सांगते, आणि त्या हाताचे एक बोट आता एक पट्टी दाबून धरू शकते. तेवढा एक सूर गीतभर मागे चालू राहतो. ते पूर्वीसारखे वाजवीत नाहीत, कदाचित पुढेही वाजविणार नाहीत. परंतु मंडळी पुन्हा गाते, आणि त्या उजव्या हातावर आता उपरणे नसते.

आता बोध.

जो दुखण्यातून उठला आहे त्यास आम्ही म्हणतो : पहिल्यासारखे होण्याची वाट पाहत देवाच्या घराबाहेर बसू नका. एकशे सदतिसाव्या स्तोत्रातील बंदिवानांनी आपल्या वीणा झाडांवर टांगल्या, त्या मोडल्या नाहीत. उन्हाळ्यात भाटघर धरणाचे पाणी ओसरले म्हणजे बुडालेले जुने बांध पुन्हा दिसू लागतात. पाण्याने ते झाकले होते, नाहीसे केले नव्हते. जे टांगले आहे ते खाली काढा.

मंडळीस आम्ही म्हणतो : आमच्यासारखी आळशी दया करू नका. दुखणाइतास न विचारणे ही सर्वांत सोपी दया आहे, आणि तिने मनुष्य मागच्या भिंतीस लागतो. विचारा, आणि विचारून झाल्यावर भाता हलविण्यास बसा. उपदेशक बंधूंनो, तुमच्या गावात मृदंग, झांजा, एकतारी, पेटी कोणाच्या माळ्यावर पडून आहे आणि का पडून आहे, हे ह्याच आठवड्यात जाऊन पाहा.

आणि जो पूर्ण बरा झाला आहे त्यास एक इशारा. यशयाचा एकोणचाळिसावा अध्याय अडतिसाव्यास लागूनच आहे. ज्या राजाने आयुष्यभर गाण्याचा निश्चय केला, त्याच्याकडे बाबेलचे वकील समाचारास आले, तेव्हा त्याने त्यांस आपले भांडार दाखविले. त्यांस मंदिरात नेऊन गीत ऐकविल्याचे तेथे लिहिलेले नाही. झालेल्या उपकाराप्रमाणे तो वागला नाही, त्याचे मन उन्मत्त झाले, असे इतिहासकार लिहितो. दुखण्यात केलेला निश्चय बरे झाल्यावर एकट्यास सांभाळवत नाही. म्हणूनही "आम्ही" लागतो.

ज्या प्रभूने वाळलेल्या हाताच्या मनुष्यास सभास्थानात सर्वांच्या मध्ये उभे केले, तो तुमच्या हातांस, बऱ्या व दुबळ्या दोन्ही हातांस, आपल्या घरी जागा देवो, आणि ज्यांच्या श्वासास दुसऱ्याचा भाता लागतो त्यांस तो लाभो. आमेन.